गोंदणाची उमेदवारी

कोणतीही हस्तविद्या शिकावयाची म्हणजे आरंभी काही सामग्री वाया जाणारच. कुंभाराच्या पोराची पहिली मडकी चाकावरच कोसळतात. माती पुन्हा भिजवून तुडविली की झाले. सोनाराच्या दुकानात नवशिक्याच्या हाती सोने देत नाहीत. तो तांब्याच्या तारेवर हात बसवितो. सुताराला लाकडाचा तुकडा पुरतो, शिंप्याला चिंधी. ह्या सर्व धंद्यांत चुकीची किंमत ठाऊक असते आणि ती बहुधा गुरूच्याच गल्ल्यातून जाते. एक धंदा मात्र असा आहे की, त्याची सामग्री बाजारात मिळत नाही, बिघडली तर टाकून देता येत नाही, आणि बिघडत असताना तिला वेदनाही होतात. तो धंदा गोंदणाचा. गोंदणाऱ्याची माती आणि गोंदणाऱ्याचे सोने म्हणजे दुसऱ्याचे जिवंत अंग.

मग नवशिकी गोंदणारी, किंवा आजचा नवशिका गोंदणारा, पहिला ठिपका कोणाच्या अंगावर देतो? आम्ही व्यवसायाने वकील. जुन्या दस्तऐवजांत, निवृत्तिवेतनाच्या कागदांत, पोलिसांच्या पंचनाम्यांत ‘उजव्या मनगटावर गोंदण’ ही ओळखीची खूण आम्ही वाचीत आलो. कुळकर्ण्याची नोंद फाटते, साक्षीदार फिरतो. गोंदण फिरत नाही. जी खूण न्यायासनासमोरही इतकी पक्की समजली जाते, ती उमटविणारा हात कधीतरी कच्चा असलाच पाहिजे. त्या कच्च्या हाताचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहो. आकृतींचे अर्थ सांगणारे लेख पुष्कळ आहेत. त्यांत आणखी भर घालण्याचा आमचा विचार नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. आमचे वाचक बेळगावापासून ग्वाल्हेरपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादेपर्यंत पसरलेले असल्यामुळे हा खटाटोप त्यांना घरचाच वाटेल. मराठीत ‘गोंदण’, माळव्यात व ग्वाल्हेरीकडे ‘गोदना’ किंवा ‘गुदना’. हे शब्द टोचणे ह्या क्रियेवरून आले. गुजरातेत ‘छूंदणां’ म्हणतात. तोही टोचण्याचाच शब्द. दक्षिणेस उतरले की दृष्टी बदलते. तेलुगूत ‘पच्चबोट्टु’ म्हणजे हिरवा ठिपका, आणि बेळगावकडील कानडी ‘हच्चे’ हाही मूळचा ‘पच्चे’, म्हणजे हिरवाच. जुन्या कानडीतील ‘प’काराचा पुढे ‘ह’कार झाला, एवढेच. उत्तरेने सुई पाहिली, दक्षिणेने रंग पाहिला. दोहोंचे म्हणणे खरे आहे. वास्तविक सुईने आत जाते ती काजळी, म्हणजे निव्वळ काळा कोळसा. तो कातडीच्या दुसऱ्या थरात बसला की वरच्या थरातून येणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्यामुळे निळसर-हिरवा दिसतो. आमच्या आज्यांच्या हातांवरील हिरवे गोंदण हिरव्या रंगाचे नव्हतेच.

‘दुसरा थर’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण उमेदवारीची सारी कठिणाई त्यात आहे. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि नवा येत असतो. सुई तेथेच थांबली तर गोंदण काही आठवड्यांत नाहीसे होते. फार खोल गेली तर रंग पसरतो, रेघ फुगते, जखम चिघळते. योग्य खोली सुमारे एक ते दोन मिलिमीटर, आणि तीही कपाळावर वेगळी, दंडावर वेगळी, म्हातारीच्या सैल कातडीवर वेगळी. डोळ्यांना ही खोली दिसत नाही. ती बोटांना कळावी लागते. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, कातडीतील विशिष्ट पेशी हे रंगकण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या म्हणजे कण सुटतात आणि शेजारी आलेल्या नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. म्हणजे गोंदण टिकते ते शरीर पिढ्यान्‌पिढ्या त्याचा ताबा एका हातातून दुसऱ्या हाती देत राहते म्हणून. दिवाणी वकिलाला हा प्रकार परिचयाचा वाटावा.

आता जुन्या शाळेत जाऊ. ही विद्या बहुतांशी फिरस्त्या जमातींच्या स्त्रियांची होती. दक्षिणेत आणि कर्नाटकाच्या सीमेवर कोरव स्त्रिया गोंदीत. मंडला भागातील बैगा स्त्रियांना बादी जमातीच्या स्त्रिया गोंदीत, असे व्हेरिअर एल्विन यांच्या १९३९ च्या बैगांवरील ग्रंथात आले आहे. गावगाड्याच्या बलुतेदारीत ह्या बायकांना जागा नव्हती. सुगी संपली की त्या येत, आणि पाऊस लागण्यापूर्वी निघून जात. पावसाळ्यात जखम चिघळते हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी १९०९ साली दक्षिणेकडील जातिजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले. त्यांत कोरव स्त्रियांच्या गोंदणाची कृती दिली आहे. हळदीची पूड आणि हादग्याचा पाला एकत्र चोळून पातळ कापडात गुंडाळावयाचा, त्याची वात एरंडेलाच्या दिव्यात लावावयाची, वर कोरे मडके पालथे घालून काजळी धरावयाची, आणि ती खरवडून स्त्रीच्या दुधात किंवा पाण्यात कालवावयाची. शिवणाच्या तीनचार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, एवढेच हत्यार. टोचणे संपले की तेल-हळद. मोबदला गावात धान्य, केळी, विड्याची पाने यांच्या रूपाने. शहरात एका ठिपक्यास पाव आण्यापासून मोठ्या आकृतीस बारा आण्यांपर्यंत.

ही कृती वाचताना आम्हांला एक गोष्ट जाणवली. तिच्यातील बहुतेक कामे सुई हाती न घेता करावयाची आहेत. काजळी धरणे, ती खरवडणे, सुया समान लांबीवर बांधणे, रक्त टिपणे, भेदरलेल्या पोरीचा हात घट्ट धरणे आणि तिचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून गाणे म्हणणे. विद्या आईकडून मुलीकडे जाई. तेव्हा अशा घरातील मुलीसमोर ही सारी कामे लहानपणापासून पडलेलीच असत. सुया वरखाली बांधल्या गेल्या तर ठिपका कसा फाटतो, हे तिने स्वतः टोचण्यापूर्वी शेकडो वेळा पाहिलेले असे. वर्षानुवर्षे सुईच्या शेजारी बसणे, हाच त्या शाळेचा पहिला वर्ग.

दुसरी सोय आकृतींतच होती. आमच्याकडील जुने गोंदण प्रामुख्याने ठिपक्यांचे: कपाळावर एक, हनुवटीवर एक, हाताच्या पाठीवर ठिपक्यांची रांग, मनगटावर तुळस किंवा तुळशीवृंदावन, आणखी वर सीतेची रसोई. ठिपक्यांची आकृती क्षमाशील असते. एखादा ठिपका जवभर सरकला तरी तुळस तुळसच राहते. चेहऱ्याच्या चित्रात डोळा जवभर सरकला तर माणूस बदलतो. शिवाय आकृत्या ठरलेल्या. नवशिक्या मुलीवर कल्पकतेचे ओझे नव्हते. आजीने काढले तेच तिने काढावयाचे. परंपरेला कलेचे बंधन म्हणून नावे ठेवण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. येथे त्या बंधनाने गिऱ्हाईकाचे अंग वाचविले, असे आमचे मत आहे.

आणि जिच्या अंगावर हे उमटावयाचे, तीही ह्या रेखांकनाला परकी नव्हती. रोज सकाळी वृंदावनापुढे सडा टाकून ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला ठिपका, रेघ आणि अंतर यांचे गणित बोटांतच असते. अंगणातील चूक संध्याकाळपर्यंत पुसली जाते. गोंदणारीने तुळशीच्या मंजिरीचा एखादा ठिपका गाळला, तर अंगणात वाढलेली मुलगी ते तत्काळ ओळखी. गिऱ्हाईक जाणते असले की कारागीर जपून वागतो. हे वकिलीतही खरे आहे.

नावाचे गोंदण मात्र वेगळे. पतीचे नाव उच्चारावयाचे नाही, पण हातावर वागवावयाचे, अशी गंमत आमच्या समाजात होती. गोंदणाऱ्या स्त्रीला पुष्कळदा अक्षरओळख नसे. कोणीतरी कोळशाने लिहून दिलेले अक्षर ती चित्र म्हणून उतरवून घेई. काना राहिला किंवा वेलांटी उलटली, तर त्या घरात जन्मभर थट्टेचा विषय होई. आणि थट्टेपलीकडे उपाय काय होता? गोंदणारी तोवर तीन गावे पुढे गेलेली.

मंदिरांशी आणि मठांशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांच्या मनात येथे तप्तमुद्रेचा विचार आला असेल. माध्व परंपरेच्या मठांत आषाढी एकादशीला शंखचक्रांच्या तापविलेल्या धातुमुद्रा अनुयायांच्या अंगावर उमटवितात. गोमंतकातील वैष्णव घराण्यांना हे सांगावयास नको. द्वारकेच्या यात्रेकरूंतही छाप घेण्याची रीत होती. तथापि ह्या प्रकारात आणि गोंदणात मोठा भेद आहे. मुद्रेची आकृती धातूत कोरलेली, म्हणजे चुकीला जागा कमी. आणि खूण काही काळाने मावळते, म्हणून ती पुन्हा पुन्हा घ्यावयाची. मुद्रा देणाऱ्याला अधिकार लागतो, हात लागत नाही. गोंदणारीला अधिकार कोणी दिलेला नसतो; तिच्याजवळ हातच असावा लागतो.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा सोडविला हेही थोडक्यात पाहू. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांत गोंदणाचा आचार्य दातेरी फणी लाकडी काठीने ठोकून गोंदतो, आणि त्याचे शागीर्द दोन्ही बाजूंनी कातडी ताणून धरतात व रक्त टिपतात. ताणणे हे तेथील पहिले शिक्षण. कातडी किती ताणली असता रेघ सरळ येते, हे शागिर्दाचे पंजे आधी शिकतात. मग फणी हाती येते. जपानात शिष्य गुरूच्या घरी राहून झाडलोट करी, शाई घोटी, आणि पहिला हात स्वतःच्या मांडीवर चालवी. स्वतःची मांडी हे उत्तर आम्हांला सर्वांत न्याय्य वाटते. तेथे चूक करणारा आणि चूक सोसणारा एकच असतो. पुढे १८७२ साली जपान सरकारने गोंदण बेकायदा ठरविले आणि १९४८ पर्यंत ही बंदी राहिली. विद्या आडोशाने चालू राहिली खरी. पण जी विद्या लपून चालते तिच्यात शिष्य निवडण्याची आणि तपासण्याची उघड रीत राहत नाही.

बंदीचा विषय निघाला म्हणून आपल्याकडील एक काळे प्रकरण सांगणे प्राप्त आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कंपनी सरकारच्या बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचे नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदण्यात येई. ह्या शिक्षेचे नावही ‘गोदना’च. पुढे ठगांच्या कपाळांवरही ही अक्षरे आली. ज्या शब्दाने गावातील मुलीच्या हातावर तुळस उगवे, तोच शब्द सरकारने कैद्याच्या कपाळी मारला. कैदी पागोटे भुवयांपर्यंत ओढून ती अक्षरे लपवीत. १८४९ साली ही शिक्षा रद्द झाली. कायद्याच्या इतिहासात तिला चार ओळी मिळतात. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. येथे प्रथमच असे झाले की, गोंदून घेणाऱ्याची संमती कोणी विचारली नाही आणि गोंदणाऱ्याला त्याच्या चुकीचा जाब देण्याचे कारण उरले नाही.

दुसरा आघात अप्रत्यक्ष होता, पण आमच्या मते अधिक खोल. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ च्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांतही आला. कोरव, कैकाडी अशा अनेक फिरस्त्या जमाती त्याच्या यादीत चढल्या. हजेरी, परवाना, आणि पुढे सोलापूर, विजापूर, हुबळी येथील तारांच्या कुंपणातील वसाहती. सोलापूरच्या वसाहतीतील माणसे गिरणीत कामाला जात. आता ज्या विद्येची शाळाच वाटेवर भरते, ती वाट बंद झाली तर काय व्हावे? आई गिरणीत गेली. मुलगी सुईच्या शेजारी बसावयाची ती कोठे बसणार? १९५२ च्या ऑगस्टअखेर हा कायदा रद्द झाला आणि ह्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवू लागल्या. तोपर्यंत एका पिढीची उमेदवारी हुकलेली होती. गोंदण मागे पडले ते शिकलेल्या मुलींना लाज वाटू लागली म्हणून, असे सरसकट म्हटले जाते. लाजेचा वाटा होताच. पण शिकविणाऱ्या हातांना सरकारने जागीच बांधून ठेवले, हा वाटा आम्ही विसरू नये.

ह्याच सुमारास सुई यंत्रावर चढली. अमेरिकेत एडिसनने १८७६ साली विद्युत् लेखणीचे पेटंट घेतले. ती कागदाला सूक्ष्म भोके पाडी, आणि त्या भोकांतून शाई फिरवून एका पत्राच्या अनेक प्रती निघत. कचेरीतील नक्कलकारांसाठी ती केलेली होती. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने त्याच तत्त्वावर गोंदणाचे यंत्र बनवून १८९१ साली पेटंट घेतले. १८९४ साली लंडनमध्ये सदर्लंड मॅकडोनल्ड याने आपले पेटंट नोंदविले. नकला काढण्याचे साधन माणसाच्या कातडीवर आले, ह्यात एक विचित्र औचित्य आहे.

यंत्राने उमेदवारीचे स्वरूपच पालटले. हाताच्या सुईचा प्रत्येक टोचा स्वतंत्र निर्णय असतो. यंत्र सेकंदाला कित्येक टोचे देते आणि निर्णयाला अवसर देत नाही. हाताने शिकणारी मुलगी चुकली तर एक ठिपका चुकतो. यंत्रावर नवशिक्याचा हात क्षणभर थबकला तर त्या जागी कातडी चाळणीसारखी होते. उलट, यंत्र विकत मिळते. आईच्या शेजारी दहा वर्षे बसण्याची अट त्याने काढून टाकली. तरणेतरच्या जत्रेत किंवा आपल्याकडील मोठ्या यात्रांत बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन बसलेला गोंदणारा पुष्कळांनी पाहिला असेल. पुढ्यात आकृत्यांचा फळा, शेजारी शाईची एक वाटी, आणि रांगेतील सर्वांना तीच सुई. हाताच्या सुईच्या काळीही सुई धुऊन पुन्हा वापरली जाई, हे खरे. पण एका दिवसात एवढी अंगे एका सुईखाली येत नसत. रक्तातून पसरणारी कावीळ आणि पुढे एड्स यांचे भय येथून सुरू होते. न्यूयॉर्क शहराने अशाच काविळीच्या कारणावरून १९६१ साली गोंदणावर बंदी घातली. ती १९९७ साली उठली. आपल्या रक्तपेढ्याही ताजे गोंदण असलेल्याचे रक्त वर्षभर घेत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो? ज्याने शारीरिक वेदना होते ती कायद्याच्या भाषेत ‘दुखापत’, तेव्हा गोंदणे ही दुखापतच. तिला गुन्ह्याच्या बाहेर काढते ती संमती. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८७ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २५ व्या कलमात, अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने केलेले असे कृत्य अपराध नाही असे म्हटले आहे. अट इतकीच की, त्यात मृत्यूचा किंवा जबर दुखापतीचा हेतू वा संभव नसावा. बारा वर्षांखालील मुलासाठी पालकाची संमती चालते, परंतु कृत्य सद्‌भावनेने आणि मुलाच्या हितासाठी हवे. बारा ते अठरा यांच्यामधील मुलीची स्थिती नाजूक आहे. तिची स्वतःची संमती कामास येते ती कृत्य तिच्या हिताचे असेल तर. आठव्या-दहाव्या वर्षी कपाळावर गोंदून घेणाऱ्या मुलीचे हित त्यात होते काय? तिच्या आजीने निःशंकपणे होय म्हटले असते. सोने-नाणे येथेच उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी तिची श्रद्धा होती. आजचा न्यायाधीश तसे म्हणेलच असे नाही. इंग्लंडने १९६९ साली कायदा करून अठरा वर्षांखालील व्यक्तीस गोंदणे हाच अपराध ठरविला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, आणि गोंदणाऱ्यासाठी वैद्य-वकिलांसारखी देशव्यापी परीक्षा वा सनदही नाही.

सनद असावी काय, ह्या प्रश्नाचा एक बोधक निवाडा जपानात झाला. तेथील आरोग्य खात्याने २००१ साली असा अर्थ लावला की, सुईने कातडीत रंग घालणे हे वैद्यकीय कृत्य होय. त्या आधारे ओसाका येथील एका गोंदणाऱ्यावर, वैद्यकीय परवाना नाही म्हणून, खटला झाला. २०१७ साली खालच्या न्यायालयाने दंड केला, २०१८ साली वरिष्ठ न्यायालयाने त्याला सोडले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली: गोंदण ही वैद्यकी नव्हे. आम्हांला हा निर्णय योग्य वाटतो. शरीरशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला तुळशीची मंजिरी काढता येईलच असे नाही. मात्र त्या निर्णयाने दुसरा अर्धा प्रश्न तसाच राहतो. नवशिक्या हाताला प्रथम कोण तपासणार?

आमच्या मते आपल्या संहितेच्या २८ व्या कलमात ह्याचे निम्मे उत्तर दडलेले आहे. वस्तुस्थितीविषयी गैरसमज होऊन दिलेली संमती, आणि तो गैरसमज आहे हे कृत्य करणाऱ्याला ठाऊक असेल, तर ती कायद्याने संमती नव्हे. मग जो महिन्यापूर्वी यंत्र विकत घेऊन बसला आणि समोरच्या तरुणाला ‘पाच वर्षांचा अनुभव’ सांगून त्याच्या दंडावर कुलदेवतेचा मुखवटा काढू लागला, त्याला मिळालेली संमती कोणती? वकिलीतही उमेदवार असतात. त्यांच्या पहिल्या कैफियती गबाळ्या असतात, आणि त्याचा भार पक्षकार सोसतो. पण तेथे वर ज्येष्ठ वकील असतो आणि त्याच्याही वर अपील असते. कातडीवरील निकालावर अपील नव्हते. आता लेझरने रंग फोडता येतो. परंतु त्याला अनेक बैठका लागतात, मूळ गोंदणाहून खर्च अधिक येतो, आणि पुसट छाया पुष्कळदा राहतेच.

प्रामाणिकपणे शिकू इच्छिणाऱ्यांची वाट आज पुन्हा जुन्या शाळेसारखी होऊ लागली आहे, ही समाधानाची गोष्ट. चांगल्या दुकानात नवशिक्याला कित्येक महिने यंत्र देत नाहीत. तो पेन्सिलीने रेघा काढतो, आकृत्या गिरवितो, जागा पुसतो, सुया मोजतो, हातमोजे कधी बदलावयाचे ते शिकतो. प्रत्येक गिऱ्हाईकाला नवी सुई, शाई लहान टोपणात काढून घ्यावयाची आणि उरलेली मूळ बाटलीत परत ओतावयाची नाही, हे त्याला आकृतीआधी पाठ करावे लागते. मग यंत्र हाती येते ते संत्र्याच्या किंवा केळ्याच्या सालीवर, नाहीतर सिलिकोनच्या बनावट कातडीवर. सालीवर हात हलका ठेवण्याची सवय होते. पण साल ताणत नाही, श्वास घेत नाही, दचकत नाही. म्हणून शेवटी बहुतेकजण जपानी शिष्यांप्रमाणे स्वतःच्या मांडीशीच येतात, कारण तेथे दोन्ही हात पोहोचतात. त्यानंतरचे पहिले गिऱ्हाईक बहुधा एखादा मित्र असतो. त्याने ‘हा अजून शिकतो आहे’ हे जाणून हात पुढे केला असेल, तर कायद्याची काही तक्रार नाही. अशा मित्राने एक ठिपका, एक रेघ, एखादे पान एवढेच मागावे, असा विनाशुल्क सल्ला आम्ही देतो.

जुन्या गोंदणारींच्या आकृतींचे पुढे काय झाले, हे सांगून लेखणी ठेवतो. बिहारातील मधुबनीजवळच्या जितवारपूर गावी दुसाध समाजातील स्त्रियांनी १९७० नंतरच्या दशकात फिरत्या नट स्त्रियांच्या गोदन्याच्या आकृत्या कागदावर काढावयास आरंभ केला. ठिपके, वर्तुळे, ओळीने चालणारी माणसे आणि प्राणी, मधोमध झाड. सारी मांडणी अंगावरचीच. छत्तीसगडातील सरगुजा भागात ह्याच रीतीने लुगड्यांवर आणि कापडावर गोदना काढतात. तेथील मुली आज आईच्या शेजारी बसून हे काम शिकतात. ठिपका चुकला तर कागद बाजूला ठेवून दुसरा घेतात.